समाजकार्याला डिग्री लागते का?

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या दारात एक बाप आणि त्याची लेक येऊन उभे राहिले. बाप चारोटी नाक्याजवळच्या एका पेट्रोल पंपावर रात्रपाळीचा वॉचमन. रात्रभर हायवेवरच्या ट्रकांचे दिवे डोळ्यांवर घेऊन आलेला, अंगात अजून पंपाचाच शर्ट. लेक नुकतीच बी. ए. झालेली. तिच्या हातात प्लॅस्टिकची फाईल.

"जयभीम भाऊ. हिला जरा समजवा," तो बसायच्या आधीच म्हणाला. "ही म्हणते समाजकार्याची डिग्री घ्यायची. आता समाजाचं काम करायला डिग्री लागते का? आपण इतकी वर्षं चौदा एप्रिलचा मंडप घालतो, वर्गणी गोळा करतो, कुणाचं मयत झालं तर रात्री बेरात्री उभे राहतो. ते काय डिग्री घेऊन?"

लेक गप्प. मग हळूच म्हणाली, "काका, पप्पांना सांगा, एम. एस. डब्ल्यू. केलं तर संस्थेत नोकरी लागते. पगार असतो."

फाईल उघडून पाहिली. मुंबईकडच्या एका खाजगी कॉलेजचे माहितीपत्रक. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हसणारी मुले. प्रवेश निश्चित करायचा तर आठ दिवसांत मोठी रक्कम भरा, असे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. बाप बोलत होता विरोधात, पण खिशात त्याने सोनाराची चिठ्ठी आणली होती. बायकोचे गंठण ठेवले तर किती येतील ते विचारून आला होता. बापाचे असेच असते. तोंडाने नाही म्हणतो आणि पायाने सोनाराकडे जातो.

आमच्या मंडळींनी चहा ठेवला. मी म्हटले, पैसे आज भरू नका, आधी दोन तास बसून बोलू. ते दोन तासांचे बोलणे आणि त्यानंतर मी केलेली चौकशी आज या सदरात मांडतो आहे, कारण हाच प्रश्न घेऊन यंदा माझ्याकडे तिसरे घर आले. आपल्या मुलामुलींना संस्थांमध्ये काम करावेसे वाटते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र कोणती पदवी, कुठे आणि कोणाच्या पैशाने, याचा विचार न करता उडी मारली तर नुकसान त्यांचे होते आणि समाजाचेही.

पहिल्यांदा बापाच्या प्रश्नाला उत्तर देतो. समाजाचे काम पगार घेऊन करावे का? आपल्याकडे अजून पुष्कळांना हे खटकते. पगारी कार्यकर्ता म्हणजे भाडोत्री, असा एक समज आहे. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा ती मंडपातली सभा नव्हती. रीतसर नोंदलेली संस्था होती. सेक्रेटरी शिवतरकर मास्तर, खजिनदार वेगळा, परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी. पुढच्याच वर्षी सोलापूरला मुलांचे वसतिगृह सुरू झाले. वसतिगृह म्हटले की भाडे आले, धान्य आले, देखरेख करणारा माणूस आला, हिशेब आला. हे सगळे भावनेवर चालत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पुणे करारानंतर सवर्ण पुढाऱ्यांनी जी अस्पृश्यता निवारण संस्था काढली आणि जी पुढे हरिजन सेवक संघ झाली, तिचे सेक्रेटरी ठक्करबाप्पा. त्यांना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये विलायतेला जाताना बोटीवरून एक लांब पत्र लिहिले. त्यात कार्यकर्ते कोठून घ्यावेत यावर त्यांचे स्पष्ट मत आहे. पोटासाठी कोणतेही काम धरणारी माणसे या कामाला उपयोगाची नाहीत. अस्पृश्यांमधूनच कार्यकर्ते घ्या, कारण ते हे काम आपुलकीने करतील, असा त्याचा आशय. पगार घेऊ नका, असे त्यात नाही. काम कोणाच्या हातात असावे, हा मुद्दा आहे. त्या संस्थेने तो मानला नाही आणि बाबासाहेब तिच्यातून बाहेर पडले.

हा मुद्दा आज आपल्या डहाणू-तलासरीत डोळ्यांनी दिसतो. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, त्यानंतर किती संस्थांच्या गाड्या या हायवेवरून आत वळल्या! त्या गाड्यांत कोण असते बघा. पुढच्या सीटवर मुंबईहून आलेली ताई किंवा सर, इंग्रजीत फोनवर बोलणारी. मागच्या सीटवर आपला किंवा वारली समाजाचा मुलगा, ज्याला सगळे पाडे पाठ आहेत, ज्याच्या शब्दावर घराचे दार उघडते. पायपीट त्याची, अहवाल त्यांचा. त्याला मिळते ते मानधन, त्यांना मिळतो तो पगार. माझ्या पाहण्यात दहा-दहा वर्षे गावपातळीवर काम केलेली मुले आहेत, ती आजही 'फील्ड वर्कर'च आहेत आणि त्यांच्यावर दर दोन वर्षांनी नवा कोवळा साहेब येतो, ज्याला तेच काम शिकवतात. कोणाला दोष देत नाही. त्या ताईंमध्येही मनापासून काम करणाऱ्या आहेत. पण पुढची सीट आणि मागची सीट यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती बहुतेक वेळा एका पदवीची आणि इंग्रजीची आहे.

तेव्हा बापाला माझे उत्तर हे, की होय दादा, डिग्री लागते. तुमची लेक मागच्या सीटवर म्हातारी होऊ नये म्हणून लागते.

आता लेकीचा प्रश्न. डिग्री म्हणजे एम. एस. डब्ल्यू.च का?

मी तिला विचारले, तुझ्याच तालुक्यात ज्यांनी काम केले त्यांची नावे सांग. तिने पटकन गोदावरी परुळेकर सांगितले, कारण तलासरीच्या कॉलेजला त्यांचेच नाव आहे. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी. १९४५ मध्ये त्या शामराव परुळेकरांबरोबर या भागात आल्या आणि वेठबिगारी व लग्नगडीची गुलामी यांविरुद्ध वारली उभे राहिले. त्या दिवसांवर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्यांनी पुढे १९७० मध्ये लिहिले. दुसरे नाव कोसबाडच्या टेकडीचे. ताराबाई मोडक १९१४ च्या बी. ए. नंतर भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. अनुताई बालविधवा. आधी प्राथमिक शिक्षिका, मग रात्रशाळेतून मॅट्रिक, आणि बी. ए. झाल्या त्या वयाच्या पन्नाशीनंतर, तेही डोळ्यांचे दुखणे सांभाळत. तोवर बोर्डी-कोसबाडचे त्यांचे काम पंधराएक वर्षे जुने झाले होते. आज देशभर सरकारी कागदावर 'अंगणवाडी' हा शब्द आहे, त्याचे मूळ याच टेकडीवर.

या तिघींपैकी एकीकडेही समाजकार्याची पदवी नव्हती. त्या काळात ती फारशी कुठे मिळतही नव्हती. एकीकडे कायदा, दोघींकडे शिक्षणशास्त्र. म्हणजे काय, तर कामाला जे कसब लागते ते त्यांच्याजवळ होते किंवा त्यांनी ते नंतर मिळवले. आणि कायद्याची पदवी गोदावरीबाईंना वारल्याच्या झोपडीपर्यंत घेऊन गेली नाही, तेथे पाय झिजवावे लागले. पदवीचे पहिले काम आणि पायाचे काम वेगळे आहे, एकाने दुसरे होत नाही.

"मग तू सांग," मी म्हटले, "तुला नेमके काय करायचे आहे? समाजकार्य हा शब्द सोडून सांग."

ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, तिची आई आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे. तिथल्या मोठ्या मुली सुटीत घरी जातात आणि काही परत येत नाहीत. लग्न लावतात, नाहीतर वीटभट्टीवर, चिकूच्या वाडीत कामाला नेतात. त्यांच्यासाठी काहीतरी करायचे आहे. मला उत्तर आवडले. कारण आता पदवी निवडता येते. आधी कामाचे नाव, मग पदवीचे.

एम. एस. डब्ल्यू. विषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांच्या मनात तीच असते. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. कोणत्याही शाखेचा पदवीधर घेऊ शकतो, बी. कॉम. सुद्धा. बारावीनंतर थेट बी. एस. डब्ल्यू. हीसुद्धा वाट आहे. आपल्या देशात हे शिक्षण सुरू झाले १९३६ मध्ये, मुंबईत नागपाड्याला, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९५४ पासून ती देवनारला आहे, आणि ग्रामीण कामासाठी तुळजापूरलाही तिचे केंद्र आहे. मुंबईत चर्चगेटजवळ निर्मला निकेतन १९५५ पासून, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून. याशिवाय राज्यात, विशेषतः विदर्भ-खानदेशात, सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर चालणारी समाजकार्य महाविद्यालये आहेत. तेथे आपली मुले पुष्कळ शिकली. मुंबईच्या नावाने डोळे दिपतात म्हणून या महाविद्यालयांकडे दुर्लक्ष करू नका. अनुदानित जागेची फी आणि खाजगी विनाअनुदानित जागेची फी यांत जमीन-अस्मान आहे.

या पदवीतला खरा माल म्हणजे फील्डवर्क. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, वस्तीत पाठवतात आणि त्याने केलेल्या कामाचा अहवाल शिक्षक तपासतात. ज्या कॉलेजात हे नीट चालते तेच कॉलेज चांगले. माहितीपत्रकातले फोटो पाहू नका. जुन्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, फील्डवर्कला कुठे पाठवले, शिक्षक कितीदा तिकडे आले, अहवालावर कोणी लाल पेन चालवले का? उत्तर 'सही करून देतात' असे आले, तर त्या कॉलेजच्या पायऱ्या उतरा.

एम. एस. डब्ल्यू.चा दुसरा फायदा म्हणजे संस्थेबाहेरही दारे उघडतात. सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, बालसंरक्षण कक्षातल्या जागा, कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी. संस्थेचा प्रकल्प तीन वर्षांत संपतो, घर मात्र चालू राहते. म्हणून ही दुसरी दारे महत्त्वाची. यातल्या बऱ्याच जागा आता कंत्राटी झाल्या आहेत, तेही ध्यानात असू द्या.

कायदा ही दुसरी वाट. पदवीनंतर तीन वर्षे. आमच्या तालुक्यात आज कशाची तहान आहे विचाराल तर मी आधी वकिलाचे नाव घेईन. डहाणू-तलासरी हे अनुसूचित क्षेत्र. १९९६ चा पेसा कायदा इथे लागू, २००६ चा वनहक्क कायदा इथे लागू. त्यात मुंबई-वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन, आता वाढवण बंदर. नोटीस येते, नकाशा येतो, मोबदल्याचा कागद येतो, आणि तो वाचून खरा अर्थ सांगणारा माणूस सहजी सापडत नाही. आश्रमशाळेतल्या मुलींचा प्रश्नसुद्धा शेवटी बालविवाहाच्या आणि बालमजुरीच्या कायद्याशी जाऊन भिडतो. वकिलीची सनद असलेल्या कार्यकर्तीला संस्था बंद पडली तरी तालुक्याच्या कोर्टात बसता येते. ही गोष्ट लहान नाही.

नर्सिंगचे शिक्षण घेतलेली मुलगी आरोग्याच्या संस्थेत कधी रिकामी बसत नाही. कासा उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेत एकदा उभे राहून पाहा, म्हणजे कळेल. ग्रामीण व्यवस्थापनासाठी आणंदची इर्मा आहे, डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये काढलेली. पण तिचा खर्च आपल्या खिशाबाहेरचा आणि तिथून निघालेल्यांची वाट बहुधा मोठ्या कचेऱ्यांकडे जाते. बंगळूरची अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटी घरची परिस्थिती पाहून फीमध्ये सवलत देते, हुशार मुलांनी तिकडे जरूर अर्ज करावा. नोकरी करत शिकायचे असेल तर इग्नूची एम. एस. डब्ल्यू. आहे, तिच्यातही फील्डवर्क करावे लागते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, हिशेब. मी साधा बी. कॉम. कारकून. त्या काळी मलाही एम. एस. डब्ल्यू. करायचे होते, घरच्या परिस्थितीमुळे जमले नाही. वर्षानुवर्षे मला वाटत राहिले, की माझी पदवी बनियाच्या दुकानाची, समाजाच्या उपयोगाची नाही. हा माझा मूर्खपणा होता, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ती गोष्ट आजवर लिहिली नव्हती.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका संस्थेत रविवारी जाऊन बिनपगारी काम करत असे. बैठका, मोर्चे, पत्रके. संस्थेच्या बालवाड्या होत्या, चौदा सेविका होत्या. हिशेब दुसरेच कोणी ठेवायचे. एकदा मी सहज व्हाउचरची फाईल चाळली. हजेरीपत्रकावर एक आकडा, वाटपाच्या यादीवर दुसरा. एकाच पेनाने दहा अंगठे रंगवावेत तशा सह्या. मला जे दिसले ते कोणत्याही बी. कॉम. झालेल्याला पाच मिनिटांत दिसले असते. संस्थेचे प्रमुख वयाने, मानाने मोठे. त्यांनी पैसे खाल्ले असे मी आजही म्हणत नाही, बहुधा नुसता गबाळेपणा होता. पण मी बोललो नाही. मोठ्या माणसाला हिशेब विचारणे मला अपमानाचे वाटले. सहा महिन्यांनी देणगीदारांचे ऑडिट आले, अनुदान थांबले. चौदा बायकांचे पाच महिन्यांचे मानधन बुडाले, बालवाड्या बंद झाल्या. त्यांतली एक बाई अजून कासा बाजारात भेटते. भाजी घेता घेता "बरे आहात ना भाऊ?" विचारते. पैशाचे कधी काढत नाही. ती काढत नाही, म्हणूनच मला तिच्यासमोर उभे राहवत नाही.

तेव्हा वाणिज्य शाखेच्या मुलांनो, तुमची पदवी टाकाऊ समजू नका. संस्था आता कागदावर जगते आणि कागदावर मरते. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब, आयकराच्या १२-ए आणि ८०-जी च्या नोंदणीचे ठरावीक मुदतीत नूतनीकरण. एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणे कायद्याने आले. ते पैसे घ्यायचे तर पै-पैचा तपशील द्यावा लागतो. परदेशी देणगीचा कायदा २०२० मध्ये आणखी कडक झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, आणि मोठ्या संस्थेने परदेशी पैसा लहान संस्थेला वाटून देणे बंद झाले. लहान गावातल्या लहान संस्थांना याचा फटका बसला. अशा वेळी जिला कॅशबुक लिहिता येते, जमा-खर्च वाचता येतो आणि वस्तीतली भाषाही येते, अशी मुलगी सोन्याच्या मोलाची आहे. स्वतः बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला होता. आम्हा बी. कॉम.वाल्यांना तेवढाच आधार!

आता पैशाचे बोलू. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना आहे, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अर्ज महाडीबीटीवर. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात जेवण, खोली आणि निर्वाह मिळून वर्षाला साठ हजार अशी ती सुरू झाली. ही रक्कम वेळेवर येईल असे धरून खोली घेऊ नका. परदेशी जाण्यासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

यात तीन खड्डे आहेत, ते सांगतो. पहिला आमच्या लोकांना नेहमी फसवतो. मुलगी बी. ए. झाली, एम. एस. डब्ल्यू.ला जागा मिळाली नाही, म्हणून 'वर्ष फुकट नको' असे म्हणून एम. ए. मराठीला नाव घालतात. दोन वर्षांनी एम. एस. डब्ल्यू.ला गेले की शिष्यवृत्ती नाकारली जाते, कारण त्याच पायरीवरचे दुसरे शिक्षण नियमात बसत नाही. बी. एड. करून मग एल. एल. बी. करणाऱ्यांचेही असेच होते. म्हणून पदव्युत्तर एकच पायरी आहे असे समजून ती विचाराने चढा, आणि नाव घालण्याआधी समाजकल्याण कार्यालयात विचारून या.

दुसरा खड्डा दाखल्याचा. टाटा संस्थेसारख्या केंद्राच्या अखत्यारीतल्या ठिकाणी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला मागतात. नुसते 'नवबौद्ध' लिहिलेला राज्याचा दाखला तिथे अडतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण कागद त्यांच्या नमुन्यात हवा. तहसील कचेरीच्या खेपा दोन महिने आधी सुरू करा.

तिसरा खड्डा, 'शिष्यवृत्ती आहे म्हणजे फी माफ' हा समज. काही संस्था आधी पूर्ण फी भरून घेतात, शिष्यवृत्ती मागून येते. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी या सगळ्या केंद्रांतल्या विद्यार्थ्यांनी संप केला, तो याच कारणासाठी. शिष्यवृत्तीधारकांना फी, वसतिगृह व जेवणाच्या खर्चात मिळणारी सवलत काढून घेतली होती. समाजाच्या दुःखाचा अभ्यास शिकवणाऱ्या ठिकाणीसुद्धा आपल्या मुलांना जेवणाच्या बिलासाठी गेटवर बसावे लागले. तेव्हा प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर एकच प्रश्न विचारा, 'आज किती भरायचे?'

टाटा संस्थेचा प्रवेश २०२३ पासून सी. यु. ई. टी. या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत, परीक्षा मार्चच्या सुमारास. म्हणजे जूनमध्ये जागे झालेल्यांची गाडी सुटलेली असते. आमच्या पाहुणीची तशीच सुटली होती, म्हणून ती त्या गुळगुळीत माहितीपत्रकाकडे वळली होती.

कर्जाविषयी माझे मत कठोर आहे. इंजिनियरचे कर्ज फिटते. संस्थेत काम करणाऱ्याचे कर्ज त्याला संस्थेतून बाहेर काढते. हप्ता चालू झाला, की मुलगी चारोटीला परत येत नाही. जिथे पगार मोठा तिथे जाते. तिला दोष कसा देणार? पण मग आश्रमशाळेतल्या त्या मुलींचे काय, ज्यांच्यासाठी हे सगळे सुरू केले? म्हणून गंठण सोनाराकडे गेले नाही. चिठ्ठी मी माझ्याच हाताने फाडली. वहिनींनी नंतर निरोप पाठवला, बरे केलेत.

ठरले असे. यंदाचे वर्ष तिने कॉलेजात नाव घालायचे नाही. जवळच्या एका संस्थेत मुलींच्या शिक्षणाच्या कामावर जागा होती, मानधन नऊ हजार, पाडे सात. तिथे लागायचे. रात्री इंग्रजी आणि परीक्षेचा अभ्यास, डिसेंबरात अर्ज. वडील आधी नाराज होते. शेजारी म्हणणार, पोरगी बी. ए. होऊन पाड्यापाड्याने हिंडते. मग म्हणाले, "रात्रपाळीवाल्याच्या पोरीनं दिवसपाळी केली, असं समजतो."

चार महिने झाले. दर रविवारी पंपावरून घरी जाताना वडील तिला आमच्याकडे सोडतात. मी तिला व्हाउचर, कॅशबुक शिकवतो. गेल्या रविवारी ती जरा वेगळाच चेहरा करून आली. एका पाड्यावर नववीतल्या मुलीचे लग्न ठरले होते. हिने ग्रामसेवकाला सांगितले, त्याने मान हलवली. पोलीस पाटलाने चहा पाजला. शेवटी आश्रमशाळेच्या बाईंना घेऊन मुलीच्या आजीपाशी तीन वेळा जाऊन बसली, तेव्हा लग्न पुढच्या वर्षावर गेले. मोडले नाही, पुढे गेले.

"काका, कायद्याचं कलम मला माहीत असतं तर ग्रामसेवकाला तिथंच सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी आता एल. एल. बी.चा विचार करते."

"आणि आजीपाशी तीन वेळा बसायचे तुला कोणी शिकवले?" मी विचारले.

त्यावर आमचा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. ती कायद्याच्या बाजूने, मी एम. एस. डब्ल्यू.च्या, आमच्या सौ. म्हणतात आधी पोरीला जेवू द्या. अर्जाला अजून दोन महिने आहेत. वाद चालू असतानाच तिने वही पुढे सरकवली. "हे बघा ना, पोलीस पाटलाकडे जाताना रिक्षाचे ऐंशी रुपये माझे गेले. पावती नाही. हे कुठे दाखवायचं?"

मी पेन उघडले. वडील खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते.